उपरण्याखालचा हात

नरडाणा
सोमवार, ता. ११ नोव्हेंबर २०२४

यशोदे,

सगळ्यात आधी आला तो भटू. बँडवाला भटू ग, ज्याच्या ढोलावर आमच्या रिद्धीने दगड घातला होता आणि तेव्हापासून तीन वर्षं जो आमच्या दारावरून जाताना समोरच्या भिंतीकडे बघत जायचा. तो काल म्हणतो, "माई, दिवाळीनं भेटानं राही गयथं." मी म्हटलं ये बाबा, फराळ अजून डब्यात आहे. बघते तर त्याच्या मागे दोन पाहुणे. एक उंच, वाळका, खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं. दुसरा जाडा. तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही, नुसती शेव खात होता.

आमच्या घरी पाहुणे, यशोदे. फोनवर सांगितलं असतं, पण मागच्या वेळी अर्धा तास मी बोलले आणि शेवटी तू विचारलंस की कोण बोलतंय. तुझ्या त्या कानांपेक्षा माझं तिसरीपर्यंतचं अक्षर बरं.

तुला ठाऊक आहे आमच्याकडे का कोणी येत नव्हतं. रिद्धी ही माझ्या मुलाची, रोनकची, एकच पोर. नऊ वर्षांची होईपर्यंत परक्या माणसाशी बोलली नाही. कोणी उंबऱ्यात पाऊल टाकलं की खाटेखाली जायची आणि तो माणूस जाईपर्यंत किंचाळायची. हिनाने, माझ्या सुनेने, मग बोलावणंच सोडलं. धुळ्याच्या नणंदेने मुलाचं लग्न उरकलं आणि पत्रिका नंतर पाठवली. पोस्टाने उशीर झाला म्हणे. पोस्टाला कशाला दोष.

आणि आता तेरा वर्षांची तीच पोर दुकानात गिऱ्हाइकाला डाळ मोजून देते. हे कोणी केलं? डॉक्टरने नाही. आमच्या गोदामामागे घोडी बांधायची हिलालची झापडी आहे ना, लग्नाच्या वरातीला घोडी देणारा हिलाल, त्याने केलं. त्याने म्हणण्यापेक्षा मोगरीने. मोगरी म्हणजे त्याची घोडी. पंचकल्याणी आहे, चारही पाय आणि कपाळ पांढरं, बाकी अंग जांभळासारखं. रिद्धी भिंतीला टेकून तिला बघत बसायची. एक दिवस हिलालने काही न बोलता हिच्या हातात खरारा दिला, अंग घासायचा. सहा महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणतो, "मी कमी बोलस, ती कमी बोलस, घोडी तं बोलसच नही. आमनं बठ्ठं बरं चालनं शे."

त्याने तिला नियम शिकवले. मागून जायचं नाही. डाव्या खांद्याकडून जायचं. आधी आपलं नाव सांगायचं, मग तळवा उघडा पुढे करायचा. घोडीचे कान पुढे आले तरच हात लावायचा. कान मागे गेले तर जागीच थांबायचं. तर आमची ही पोर माणसांशीही तसंच करते. दुकानात गिऱ्हाईक आलं की डाव्या बाजूने जाते, "मी रिद्धी" म्हणते, तळवा पुढे करते आणि त्याच्या कानांकडे बघत उभी राहते. आधी लोक हसायचे. आता म्हातारे आपणहून म्हणतात, "मी नथ्थू, पावशेर गूळ दे." गेल्या वर्षापासून ती मोगरीवर बसते. कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात अशी दौडते की माझा जीव वर जातो आणि तिथेच राहतो. वैशाखात एका वरातीत हिलालने लगाम तिच्याकडे दिला. तीनशे माणसं, वर बँड. नवरदेव घोडीवर चढायला लागला तर ही म्हणते, "आधी तिले तुमनं नाव सांगा." नवरदेवाने सांगितलं ग, पूर्ण नाव, वडिलांसकट.

हो, अहिराणीच बोलते. मारवाड्याची पोर आणि जीभ हिलालची. मी म्हटलं कोणती का असेना.

हिलाल दिवाळीच्या आदल्या दिवशी पाय घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, धुळ्याला दवाखान्यात आहे. गाडीत घालताना त्याने पाच-सहा माणसांसमोर लगाम रिद्धीच्या हातात दिला. "आजपास्नं मोगरी तुनी." त्याला मागेपुढे कोणी नाही. आता दाणा, पाणी, खूर साफ करणं, सगळं हीच करते.

तर पाहुणे घोडी बघायला मागे गेले. उंच माणसाने सरळ मोगरीच्या तोंडात हात घातला. रिद्धी त्याच्या डावीकडून आली. "मी रिद्धी. तुमनं नाव?" तो हसला. तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा हसला आणि दात बघत राहिला. मग चारही पाय उचलून पाहिले, मानेवरचा भोवरा चाचपला, आणि विचारलं, "घोडी कोणाची?"

"मनी शे," रिद्धी म्हणाली. ताठ मानेने. मला इतकं भरून आलं की मीही मोठ्याने सांगितलं, तिचीच आहे, हिलालने सगळ्यांसमोर दिलीय. भटूने मान हलवली.

ते गेल्यावर रिद्धी म्हणते, "दादी, त्याना कान मांगे व्हतात." मी म्हटलं बेटा, माणसाचे कान हलत नाहीत. रोनकही हसला.

दत्तजयंतीच्या आधी परत येऊ म्हणालेत. मी अनारसे करून ठेवणार आहे. चार वर्षांनी कोणी परत येऊ म्हणालं.

तुझी
लाडी


नशिराबाद
सोमवार, ता. १८ नोव्हेंबर

लाडे,

पत्र चारदा वाचलं. रिद्धीचं नवरदेवाला नाव विचारणं रत्नाला वाचून दाखवलं तर माझी सून हसता हसता रडली. पोरीची दृष्ट काढ.

आता एक विचारते, रागावू नको. आमचे हे, पुनाआबा, तीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाली करत होते. मी गाडीवर बसून भाकऱ्या बांधून दिल्यात आणि सगळं बघितलंय. जो माणूस जनावराची तारीफ करतो तो नुसता बघायला आलेला असतो. जो तारीफ करत नाही आणि आधी दात बघतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक ठरलेलं असतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा असते. तिथून घोडं एकदा गाडीत चढलं की कुठल्या मुलखात उतरतं ते कोणाला कळत नाही.

त्याने नाव का नाही सांगितलं? भटू त्याला कुठून ओळखतो? हिलालला दवाखान्यात जाऊन कोणी विचारलं का? पुन्हा आले तर सांग, मालक घरी नाही. एवढंच सांग.

आणि तो उपरणं खांद्यावरून काढतो का त्याकडे लक्ष ठेव. काढलं तर पोरीला घरात घे. का ते पत्रात लिहीत नाही. भेटल्यावर सांगेन.

पोर म्हणाली ना कान मागे होते, तर होते.

यशोदा


नरडाणा
रविवार, ता. २४ नोव्हेंबर

यशोदे,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू विचारतेस उपरणं काढलं का. काढलं ग, बुधवारीच. तू शाळेतही प्रार्थना संपल्यावर यायचीस आणि तुझी पत्रंही तशीच.

पण तू उगाच घाबरतेस. गुरांच्या बाजारात बसून तुझं मन तसं झालंय. ऐक काय झालं ते.

बुधवारी मतदान होतं. समोर शाळेतच केंद्र, म्हणून आमचा ओटा भरलेला. दुकान बंद, सगळे बोटाला शाई लावून बसलेले, हिना चहाच्या फेऱ्या घालतेय. पुन्हा आधी भटूच आला. मग ते दोघं, आणि आणखी एक तिसरा, पिशवी घेऊन. उंच माणसाच्या बोटाला शाई नव्हती. मी विचारलं, मत नाही दिलं? म्हणाला, "आमचं नाव इथल्या यादीत नाही." मी म्हटलं मग कुठल्या? तेवढ्यात त्याने पाणी मागितलं.

रिद्धीने मोगरीवर बसून दोन फेऱ्या मारल्या. ओट्यावरचे तीस जण उठून उभे राहिले, यशोदे. माझ्या नातीसाठी. ती उतरली तसा उंच माणूस पुढे झाला आणि त्याने हात पुढे केला. रिद्धीने नेहमीसारखं म्हटलं, "मी रिद्धी. तुमनं नाव?" त्याने उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर पसरलं आणि खालून तिचा हात धरला. मला वाटलं बघा काय रीत आहे, परक्या मुलीचा हात उघडा धरत नाही हा माणूस.

खरं सांगते, रिद्धी हात मागे घ्यायला लागली होती. मीच तिचं कोपर धरलं. म्हटलं, "दे बेटा, पाहुण्यांना हात दे, घाबरू नको." मग ती उभी राहिली. तोंड पूर्वी खाटेखाली व्हायचं तसं झालं होतं, पण उभी राहिली. उपरण्याखाली हलत होतं काहीतरी, बराच वेळ. मग त्याने कापड उचललं आणि म्हणाला, "झालं." भटू म्हणाला, "झालं, झालं."

परक्या माणसाने हात धरला आणि माझी पोर किंचाळली नाही. मला राहवलं नाही. आत गेले, नवी ढेप फोडली आणि ओट्यावरच्या एकेकाच्या हातावर गूळ ठेवला. पाहुण्यांनीही खाल्ला, तोंडभर खाल्ला. तिसऱ्याने पिशवीतून नवी मोरकी काढली, लाल-काळ्या लोकरीची, कवड्या लावलेली, फार देखणी. मोगरीच्या तोंडावरची जुनी दोराची मोरकी काढली, नवी चढवली, आणि जुनी माझ्या हातात दिली. मी कपाळाला लावून देवघराच्या खिळ्याला अडकवली. रिद्धीच्या हातात नारळ देत होते, तिने धरला नाही, पडला. भटूने उचलला.

आता वाईट. गुरुवारी सकाळी हिलाल गेला. दवाखान्यातूनच परस्पर अखेरचं नेलं, आम्हाला दुपारी कळलं. त्याच्या झापडीत त्याची टोपी अजून तशीच आहे.

रिद्धी बोलत नाहीये. हिना म्हणते हिलालच्या दुःखाने. पण बोलणं बंद झालं बुधवारी, आणि हिलाल गेला गुरुवारी, हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं. असेल काही. उजव्या हाताची मूठ वळून ठेवली आहे. जेवते डाव्या हाताने, घोडीला खरारा करते डाव्या हाताने. हिनाने उघडायला बघितली तर भिंतीकडे तोंड करून बसली. आणि ती एवढी सुंदर मोरकी तिने काढून उकिरड्यावर टाकली. रोनकने उचलून आणली, झटकली, परत चढवली. एका मोरकीसाठी त्याला इतकं रागवायला काय झालं ते मला कळलं नाही.

तू ये ना चार दिवस. पाहुणे पुन्हा येतील तेव्हा तूही त्यांना बघशील. अनारसे संपले, दुसरे करते.

लाडी


नशिराबाद
शुक्रवार, ता. २९ नोव्हेंबर

लाडे,

खाली बस आणि मग वाच.

तू घोडी विकलीस.

गुरांच्या, घोड्यांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. कापडाखाली हात धरतात आणि बोटांनी बोलतात, म्हणजे भोवतालच्यांना भाव कळू नये. दलाल म्हणतो "झालं" की झालं. मग गूळ वाटतात. ज्याच्या घरचा गूळ खाल्ला त्याचं जनावर गेलं. आणि विकणारा आपलं दावं, आपली मोरकी कधी देत नाही, ती त्याच्याकडेच राहते. घेणारा स्वतःची चढवतो. पैसे जनावर नेताना देतात. तू गूळ वाटलास, जुनी मोरकी हातात घेतलीस आणि वर कपाळाला लावलीस. तुमच्या घरात सात पिढ्यांत कोणी जनावर पाळलं नाही, विकलं नाही, तुला कसं कळणार. पण ओट्यावरच्या तीस जणांना कळलं. तरी तुला न सांगता त्यांनी गूळ खाल्ला.

आता माझं ऐक. चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही. नवल पोटात होता त्या साली बाजारात एक मुका माणूस बैल घेऊन आला होता. गोरा बैल, शिंगाला हळद लावलेली. ह्यांनी कापडाखाली त्याचा हात धरला, थोड्या वेळाने म्हणाले "झालं," आणि मला खूण केली. मी गाडीवरून उतरून गूळ वाटला. तो माणूस संध्याकाळपर्यंत बाजारात मूठ वर धरून उभा होता. लोक म्हणाले वेडा आहे. मलाही तसंच वाटलं. घरी आल्यावर ह्यांनी हसत हसत सांगितलं, त्याने मूठ दिली होती.

मूठ म्हणजे नाही, लाडे. बोटं दिली तर सौदा, मूठ दिली तर नाही. कापडाखाली काय दिलं ते दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक मुका होता.

मी मागच्या पत्रात हे लिहिलं नाही. लाज वाटली. लिहिलं असतं तरी बुधवारच्या आधी पोचलं नसतं, असं रोज मनाला सांगते. मन ऐकत नाही.

रिद्धीला विचार. ओट्यावर नको, सगळ्यांसमोर नको. तिच्या नियमाने विचार.

नवलला सांगून रोनकला फोन लावला होता. रोनक म्हणाला, व्यवहार झालाय, तुमच्या आईला सांगा मध्ये पडू नका. म्हणजे त्याला माहीत आहे.

यशोदा


नरडाणा
गुरुवार, ता. ५ डिसेंबर

यशोदे,

पत्र सोमवारी आलं. मी तशीच झापडीत गेले. मोगरीला पाणी पाजत होती रिद्धी. मी तिच्या डाव्या खांद्याकडून गेले. म्हटलं, "मी लाडकुंवर." तळवा उघडा धरला. आपल्याच नातीला नाव सांगताना मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. हात दुखायला लागला तरी धरून ठेवला. मग मी डोक्यावरचा पदर ओढून हातावर पसरला.

तिने पदराखाली माझ्या तळव्यात मूठ ठेवली. घट्ट, दगडासारखी.

"त्यालाही हेच दिलंस?"

"हा."

"मग तो काय करत होता इतका वेळ?"

"बोटं उघडत व्हता. मी उघडू दिन्हात नही."

बारा दिवसांनी बोलली ती हे बोलली. मी विचारलं हे तुला कोणी शिकवलं. म्हणाली हिलालबाबाने. ती बोलायची नाही तेव्हा दोघं बोटांनीच बोलायची, पाण्याला एक बोट, दाण्याला दोन. "मूठ म्हणजे नही. बाबा म्हने, मूठ कोनी उघडी करी सकत नही." मी म्हटलं बेटा, तू नाही का म्हणालीस त्याला? तर ती मला समजावून सांगते, लहान मुलाला सांगतात तसं, "त्यानी नाव नही सांगं, दादी. नाव सांगाशिवाय हात लावू देतस नहीत."

मग तिने मूठ उघडून दाखवली. बोटांच्या मागच्या बाजूला पिवळे डाग आहेत अजून. पंधरा दिवस झाले आणि अजून आहेत. कोपरावरही एक आहे. तो माझ्या अंगठ्याचा आहे, यशोदे.

पर्युषणात मी मुंगीची क्षमा मागते. आणि भर ओट्यावर जीव विकून आले, वर गूळ वाटला.

रोनकशी बोलले. दिवस मावळायच्या आधी जेवायला बसला होता. त्याला भटूने त्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला वाटलं बरं झालं, घोडी जाईल, वास जाईल, पोर शाळेत लक्ष घालेल. मी म्हटलं, घोडी गेली तर ती परत खाटेखाली जाईल. तो म्हणाला, "माँ, तू स्वतः गूळ वाटलास. उद्या आपण नाही म्हटलं तर बाजारात आपल्या शब्दाला कोण विचारेल? एका पोरीची मूठ आणि तीन माणसांची जबान. ओट्यावर तीस जण होते. मूठ कोणी पाहिली?"

मी म्हटलं, "बोटं तरी कोणी पाहिली?"

तो ताटावरून उठला.

मंगळवारी मी एकेकाच्या घरी गेले. मतदानाच्या दिवशी जे जे ओट्यावर होते त्या सगळ्यांच्या. कोणी चहा दिला, कोणी गुडघ्याचं विचारलं. शेवटी सगळे एकच म्हणाले, "माई, आम्ही तं गूळ खादा." नथ्थू, जो रोज रिद्धीला नाव सांगून पावशेर गूळ नेतो, तोही तेच म्हणाला.

काल भटू निरोप घेऊन आला. आता तोच एकटा येतो, कोणाला मागे आणत नाही. म्हणाला, पिकअप गाडी घेऊन येतील, या वेळी सहा-सात जण असतील, घोडी अडली तर हवेत म्हणून. चहा ठेवा. रिद्धी दारात होती. भटूच्या डावीकडून गेली आणि विचारलं, "त्यानं नाव काय शे?"

भटूने आपल्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाला, "मालेबी ठाऊक नही, बेटा." आणि गेला. पाणीही प्यायला नाही.

नवी मोरकी मी काढून पिशवीत घातली आणि पिशवी दाराशी ठेवली. जुनी हिनाने देवघराच्या खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. स्टुलावर चढून तिनेच काढली, आणि मी ती मोगरीला परत चढवली. मोगरीने कान पुढे केले. मला कान कळायला लागलेत थोडे. रोनकने येता-जाता जुनी मोरकी पाहिली. डबा न घेता दुकानात गेला. रागाने गेला की लाजेने, ते त्याच्या कानांवरून कळलं नाही.

रोज चार वाजता मी आणि रिद्धी झापडीत उभ्या राहतो. मी तो उंच पाहुणा होते. पदर टाकते, हात धरते, नाव सांगत नाही. ती मूठ देते, आणि आता मूठ देऊन मोठ्याने म्हणतेही, "नही." पहिल्या दिवशी आवाज मोगरीलाही ऐकू गेला नसेल. काल हिनाला ओट्यावर ऐकू आला. मी मुद्दाम जोर लावते. काल माझ्याच मनगटाची शीर आखडली, मूठ उघडली नाही, आणि ती हसली. पण मी सत्तरीची म्हातारी आहे, यशोदे, आणि तो नाही. आणि ते सात जण आहेत.

मी ओट्यावर उभी राहून सांगणार आहे की मी मूर्ख आहे, मला रीत ठाऊक नव्हती, मीच तिचं कोपर धरलं होतं. पण मारवाड्याची म्हातारी शब्द फिरवते एवढंच ऐकतील. त्या मुक्या माणसाच्या मुठीचं तू सांगितलंस तर ऐकतील. तुझ्या घरच्यांची अब्रू जाईल, मला कळतं. नवलला हिना फोन करतेय, तो तुला फलाटावर आणून सोडेल तर सोडेल. हे त्याला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिलं.

प्रार्थना संपायच्या आधी ये, एकदा तरी. सोमवारी, नऊ तारखेला, सकाळी नऊ वाजता येतो म्हणालेत.

लाडी